बादलीतलं लुगडं

मायचं लुगडं निळ्या प्लास्टिकच्या बादलीत बुडवलेलं होतं. पाणी पांढुरकं. जंतुनाशकाचा उग्र वास. वेशभूषा सांभाळणारी मुलगी रबरी मोजे घालून ते काठीनं खाली दाबत होती.

"म्या दोनदा धुतलं होतं गं बाई," शेजारी उभी असलेली माय म्हणाली.

मुलीनं वर पाहिलं नाही.

मुदखेडजवळच्या एका गावात चित्रीकरण होतं. माझ्या नाटकावर टीव्हीसाठी फिल्म होत होती. नाटक मायवर आहे. हदगावच्या शिवारात तिनं जन्मभर दुसऱ्यांच्या रानातला कापूस वेचला. दिग्दर्शक मुंबईचे. त्यांचाच फोन आला होता, "ताई, आईंचंच जुनं लुगडं आणा. खरं वाटलं पाहिजे." मायनं ते धुतलं, वाळवलं, पुन्हा धुतलं. घडी घालून उशाखाली दाबलं. चित्रीकरण बघायला हौसेनं माझ्यासोबत आली.

सकाळी तंबूत नटीच्या गोऱ्या हातांना तपकिरी रंग लावणं सुरू होतं.

"ह्या पोरीला काळं कामून करून राहिले?" मायनं विचारलं.

"तुझ्यासारखी दिसावी म्हणून."

"मंग मलाच उभं करा म्हणावं की!" माय हसली.

तेवढ्यात वेशभूषेच्या मुलीनं लुगडं आणलं. नटीनं ते दोन बोटांनी उचललं आणि टाकलं. दिग्दर्शक वेशभूषेच्या मुलीला म्हणाले, "त्यांच्या वस्तीतलं आहे. आधी औषधात भिजव." आवाज खाली करावा असंही त्यांना वाटलं नाही. माय हसायची थांबली. मग बादली आली.

मला किळस आली. आधी त्यांची. मग माझी. कारण असलं धुणं मी स्वतः दोनदा करून दिलं होतं. नांदेडला स्पर्धेत परीक्षक म्हणाले, "भाषा जरा स्वच्छ करा." मी मायच्या शिव्या काढल्या. रेडिओसाठी श्रुतिका केली तेव्हा अधिकाऱ्यांना वस्तीचं नाव नको होतं. मी 'एक गाव' लिहिलं. दोन्ही वेळा आभार मानले.

मी बादलीत हात घातला. लुगडं काढलं. मायनं दुसरं टोक धरलं, आम्ही पिळलं.

दिग्दर्शक आले. "ताई, स्वच्छतेचा प्रश्न आहे. एवढ्यावरून टीव्ही सोडणार? पुन्हा कोण बोलावेल तुम्हाला?"

दोरीवर गावच्या पाटलांकडून मागून आणलेला फेटा लटकत होता. कोरडा.

"तो भिजवला का?" मी विचारलं.

"तो कशाला..." ते म्हणाले.

नाटकावर फिल्म करू देण्याचं संमतिपत्र माझ्या पिशवीत होतं. सही दुपारी व्हायची होती. मी तो कागद बादलीत टाकला. माय आणि मी ओलं लुगडं घेऊन स्टँडवर आलो.

शिव्या मी नाटकात परत घातल्या. वस्तीचं नाव घातलं. पहिला प्रवेश नवा लिहिला. बादली, मोजे, काठी, कोरडा फेटा.

लातूरच्या एका संस्थेनं प्रयोगाची परवानगी मागितली. त्यांचे सचिव फोनवर म्हणाले, "पहिला प्रवेश गाळता येईल का, ताई? लोक उठून जातील."

जाऊ देत. परवानगीच्या पत्रात मी दोन अटी घालते. पहिला प्रवेश गाळायचा नाही. आणि बादलीत नुसतं पाणी चालणार नाही, खरं जंतुनाशक ओतायचं. शेवटच्या रांगेपर्यंत वास गेला पाहिजे.