पंचनाम्यात लिहिलेलं मीठ

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही, खात्यातल्या मित्रांनाही नाही. एका बाईच्या मृत्यूबद्दल ज्या दुकानदाराला मी कोर्टात उभं केलं, त्याच्यापेक्षा त्यात माझा दोष मोठा होता. हे मला तपासाच्या पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती घटना मागे पडावी म्हणून मी दोनदा बदली मागून घेतली, पण ती मागे पडली नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली जिल्हा नवा होता आणि मीही नवा फौजदार होतो. धानोऱ्याच्या बाजूला जंगलातलं एक ठाणं माझ्याकडे होतं. चार खोल्या, वर कौलं, आणि जप्त माल ठेवायचा मालखाना म्हणजे एक अंधारी कोठडी. हिवाळ्यात एक दिवस एस.टी.चा कंडक्टर गाडी ठाण्यासमोर उभी करून आत आला. टपावर तीन पोती होती, चंद्रपूरकडून आलेली, आणि उतरवून घ्यायला कुणी पुढे येईना. आम्ही पोती खाली घेतली. बाहेरून साधं बारदान होतं, आत प्लास्टिकची पिशवी. कुठेही छाप नाही, चिठ्ठी नाही. पिशवीत पांढरे, किंचित पिवळसर बारीक खडे.

मी चिमूटभर जिभेवर ठेवलं. खारट लागलं.

पंचनाम्यासाठी बोलावलेल्या दोन पंचांपैकी एकानं चव घेतली आणि लगेच थुंकला. "साहेब, जराक कडू लागते."

"जुनं मीठ असेल," मी म्हणालो.

माझा रायटर, म्हणजे ठाण्याची लिखापढी करणारा हवालदार, जुना माणूस. पंचनाम्याचा एक नियम त्यानंच मला शिकवला होता: दिसेल ते लिहायचं, नाव द्यायचं नाही. सोन्याची साखळी सापडली तरी 'पिवळ्या धातूची साखळी' लिहायची. ते सोनं आहे की नाही ते सोनार सांगेल. त्या दिवशी त्यानं लिहायला सुरुवात केली, 'मिठासारखा दिसणारा पांढरा पदार्थ'. मी त्याला थांबवलं. असं लिहिलं की नमुना काढून नागपूरला तपासणीला पाठवावा लागतो, पत्रव्यवहार महिनोन्‌महिने चालतो, आणि तोवर तीन पोती मालखान्याच्या दारात अडसर होऊन पडणार.

"सरळ मीठ लिहा. मीठ म्हणजे काय सोनं आहे?"

हवालदारानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि 'मीठ, तीन पोती' असं लिहिलं. खाली माझी सही.

मालक आला नाही. पावसाळ्यात मिठाचं पाणी होईल, म्हणून मॅजिस्ट्रेटची परवानगी घेऊन मी उन्हाळ्याच्या तोंडावर लिलाव केला. आठवडी बाजारात मीठ विकणाऱ्या एका दुकानदारानं तिन्ही पोती घेतली. मी सुटलो.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका सकाळी जवळच्या गावचा पोलीस पाटील सायकल दामटत आला. धाप लागलेली होती.

"साहेब, लवकर चाला. एका घरचे चौघंही पडले. ओठ जांभळासारखे झाले, नखं बी."

"दारू प्याले का?"

"नाई ना. मोहाची नाई, काई नाई. वरण-भात खाल्ला. मी आधी तेच इचारलं."

नवरा-बायको, नवऱ्याची आई आणि धाकटा भाऊ. चौघांना जीपमध्ये घालून आम्ही जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. बायको वाटेतच गेली. जीपच्या मागच्या बाकावर तिचं डोकं नवऱ्याच्या मांडीवर होतं आणि त्याला स्वतःला बसवत नव्हतं. तरी तो तिच्या तोंडावरच्या माश्या हाकलत राहिला.

डॉक्टरांनी रक्त काढलं आणि मला सुई दाखवली. रक्त काथाच्या रंगाचं होतं. "हवा लागली तरी लाल होत नाही बघा. रक्तातून शरीराला प्राणवायू मिळत नाहीये. पोटात कसलं तरी रसायन गेलंय." त्यांनी मेथिलीन ब्ल्यू नावाचं निळं औषध शिरेतून दिलं. दुपारपर्यंत तिघांच्या ओठांवर रंग आला.

नवरा बोलायला लागला तेव्हा मी विचारलं, सगळ्यांनी एकच खाल्लं, मग बायकोलाच एवढं का झालं?

"ते आखरीले जेवली साहेब. वरण सरलं होतं. तिनं पेज घेतली अन् त्यात वरून लय मीठ टाकलं." मग तो म्हणाला, "मीठ नवीन होतं. कालच्या बजारातलं. चारोळी दिली, मापाले माप मीठ भेटलं."

जंगलात तेव्हा असाच सौदा चाले. शहरात मेव्याच्या भावानं विकली जाणारी चारोळी द्यायची आणि तेवढंच मीठ घ्यायचं. दुकानदार कोण, हे त्यानं सांगायच्या आधीच मी ओळखलं. लिलावात पोती घेणारा तोच. तरी मी स्वतःला समजावलं की यानंच काहीतरी मिसळलं असेल. माणूस एका बाबतीत लबाड आहे हे ठाऊक असलं की दुसऱ्या बाबतीत त्याला दोषी धरायला आपण मोकळे होतो. हा दुकानदार मापात मारायचा, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं.

त्याला संध्याकाळी ठाण्यात आणलं. पन्नाशीचा, वाळका, अंगात मळकी बंडी.

"मिठात काय मिसळलं?"

"काईच नाई साहेब. मापात मारतो, ते खरं हाय. मिठात काऊन मिसळू? मिठाहून सस्तं काय हाय मिसळाले?"

"पोतं कुठून आणलं?"

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. थट्टा करतोय की काय, असं त्याला वाटलं असावं. "कुठून म्हंजे? तुमच्या इथूनच तं आणलं. लिलावात. भुलले काय साहेब? आधीच्या मिठाचं पोतं सरलं, तं कालच पहिलं फोडलं."

मी त्याच्या थोबाडीत मारली. सत्य काढून घेण्यासाठी मारतात असं लोकांना वाटतं. मी मारलं ते त्यानं पुढचं वाक्य बोलू नये म्हणून. मग आणखी मारलं. रायटर हवालदार दाराशी उभा होता. तो मध्ये पडला नाही. फक्त म्हणाला, "साहेब, बाकीचं मीठ गावागावांत आहे. आज रात्री लोक रांधतील."

तेव्हा मी भानावर आलो. एक पोतं जवळजवळ रिकामं झालं होतं. कुणाच्या घरात ते गेलं होतं, हे फक्त समोर पडलेल्या त्या माणसाला ठाऊक होतं. उधारी नव्हती, त्यामुळे वहीत एक अक्षर नव्हतं.

तो उठून बसला. ओठ फाटला होता. पाणी प्याला आणि सांगायला लागला. अमक्या गावची, कानात मोठ्या बाळ्या असलेली बाई. तिच्या सोबतची तिची जाऊ. तमक्या पाड्यावरचा लंगडा म्हातारा, त्याची चारोळी ओली होती. "अन् ती एक, भांडकुदळ, दोनदा माप भरून घेतलं तिनं. तिच्या घरी आधी पाठवा साहेब, तिच्या घरी खाणारी तोंडं लय." चेहरा, गाव, कुणी किती नेलं, सगळं त्याच्या डोक्यात होतं. हवालदार लिहीत गेला. जीप, सायकली, पायी, मिळेल तसा एकेक शिपाई सुटला. पोलीस पाटलांनी दवंडी दिली: नव्या मिठाला हात लावू नका. काही घरांत मीठ डाळीत पडलेलं होतं. ती डाळ ओतून टाकली. दोन घरांतली माणसं ओकत होती, ती दवाखान्यात पोचली आणि वाचली. दुसरा मृत्यू झाला नाही. तो टळला तो त्या माणसाच्या स्मरणशक्तीमुळे.

डॉक्टर रसायन म्हणाले म्हणून मी चंद्रपूरला बिनतारी संदेश पाठवला होता. दोन दिवसांनी तिकडच्या एका कारखान्यातला केमिस्ट आला. त्यांच्या भांडारातून हिवाळ्यात तीन पोती चोरीला गेल्याची तक्रार होती. त्यानं खडे न हुंगता, न चाखता, सोबत आणलेल्या द्रावणाचा थेंब टाकून ओळखले.

"सोडियम नायट्राइट. यंत्रं थंड करायच्या पाण्यात आम्ही थोडं मिसळतो, आतलं लोखंड गंजू नये म्हणून. हातमोजे घातल्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही. भांडारात जेवणाचा डबा नेऊ देत नाही. लाकूड, कापड, तेल यांच्याजवळ ठेवत नाही. आग लागली तर हे ती भडकवतं. आणि मूळ पोत्यातून दुसऱ्या पोत्यात कधीच काढत नाही, कारण वरची लाल खूण गेली की याच्यात आणि मिठात डोळ्यांना फरक दिसत नाही." मग त्यानं विचारलं, "तुमच्यापैकी कुणी चव घेतली नाही ना?"

मी 'नाही' म्हणालो.

चोरानं छापाचं पोतं काढून बारदान चढवलं होतं. तो चोर सापडला नाही. माझ्यापुढे दोन रस्ते होते: पंचनाम्यातली चूक वर कळवायची, किंवा लपवायची. मी दुसरा धरला. लिलावाची पावती दुकानदारानं आपणहून माझ्या हातात दिली होती, यात सुटका आहे असं समजून. ती मी जप्तीत दाखवली नाही. माल कुठून आणला, या रकान्यात मी 'अनोळखी इसमाकडून' असं लिहिलं. आणि ज्या यादीमुळे गावं वाचली, ती यादी मी केस डायरीत 'आरोपीने विक्रीची कबुली दिली' म्हणून लावली. बदलीच्या आदल्या दिवशी पावती फाडली.

वकिलानं त्याला सल्ला दिला की पावतीशिवाय लिलावाचं कुणी मानणार नाही, निष्काळजीपणा कबूल कर, शिक्षा थोडी होईल. त्यानं कबूल केलं. कोर्टाच्या व्हरांड्यात बेड्या घातलेला तो माझ्याजवळून गेला. "मी तं साल-दीड सालात सुटीन साहेब," तो म्हणाला. "तुमचं कसं?" आवाजात राग नव्हता. चौकशी केल्यासारखं विचारलं.

सुटून आल्यावर त्याच्याकडून कुणी मीठ घेतलं नाही. पुढे तो वारला, असं कळलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? नव्या फौजदारांना मी वर्षानुवर्षं सांगत आलो की अनोळखी पावडर जिभेवर ठेवू नका, खूण नसलेलं पोतं उघडू नका, नमुना पाठवल्याशिवाय नाव लिहू नका. ते खरं आहे आणि उपयोगाचं आहे. ते मला कसं कळलं, हे मात्र कधी सांगितलं नाही. तपासात चूक कुणाचीही होते. चूक झाल्याचं कळल्यानंतर मी जे केलं, ते मी विचार करून केलं.

अशा आठवणींत कुणाचं नाव घ्यायचं नसतं. त्या सोयीचा फायदा आजही मलाच मिळतो आहे. दुकानदाराची बायको हयात आहे. गेलेल्या बाईचा नवराही त्याच गावात आहे. पोती माझ्या ठाण्यातून गेली आणि त्यांवर मीठ हे नाव मी लावलं, असा माझ्या सहीचा जबाब मी या दोघांना देणं लागतो. तो अजून दिलेला नाही.