खिडकीवर लावलेला गळा

सीटी स्कॅनची फिल्म मी हॉलच्या खिडकीला चिकटपट्टीनं लावली आहे. सकाळचं ऊन आलं की माझा गळा उजळून निघतो. मधला काळा भाग म्हणजे श्वासनलिका. ती गोल असायला हवी, पण थायरॉइडनं तिला विळखा घालून फटीएवढी केली आहे. नवे डॉक्टर म्हणाले, "ही फार क्वचित होणारी सूज. ग्रंथी लाकडासारखी कडक होते." ग्रंथीचा तुकडा काढून तपासल्यावर तेच निघालं.

आठ महिने मी सांगत होते, कुणी गळा आवळतंय असं वाटतं. आमच्या थोरल्या वन्सं पाहुण्यांसमोर हसून म्हणायच्या, "काही नाही हो, तिचं सगळं मनाचं आहे." न दिसणारं दुखणं लोक माणसाच्या स्वभावावर ढकलून मोकळे होतात. सूज आता औषधांनी उतरते आहे. राग मी उतरू दिलेला नाही.

काल वन्सं आल्या. मी त्यांना मुद्दाम खिडकीसमोरच्या खुर्चीत बसवलं आणि चहा दिला. त्या डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"हे काय गं लावलंयस?"

"माझं मन," मी म्हणाले आणि बिस्किटांची बशी पुढे केली.