गमतीचं टाचण

शनिवारी शाळा सकाळची असे. मी घरी येईपर्यंत अंगणात ओल्या शेणाचा वास पसरलेला असायचा आणि दाराशी बायको एकच शब्द बोलायची, "थांबा." पुढची खोली तिने नुकतीच सारवलेली असे. ती वाळेपर्यंत मी ओट्यावर बसून वाचायचं, असा क्रम होता. सारवणं संपताना शेवटच्या कोपऱ्यात ती ओल्या जमिनीवर बोटाने काहीतरी काढून ठेवी. कधी मोर, कधी नांगर. एकदा तिने चष्मा लावलेली मेंढी काढली. आमची मुलगी टाचा उचलून त्या कोपऱ्यापर्यंत जायची आणि तोंडावर हात दाबून परत यायची. ती मेंढी म्हणजे मी, हे मला आठ दिवसांनी कळलं. तोवर तिच्यावरून पुढचं सारवण फिरलं होतं.

आम्ही नाचणगावला राहत होतो. मी तिथल्या शाळेत शिक्षक होतो. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर होती, आणि माझ्या टेबलावर नेहमी कुठलं तरी पुस्तक उघडं असे. बायको चौथीपर्यंत शिकलेली. आठवड्यातलं प्रत्येक काम तिला करावंच लागे, आणि प्रत्येक कामात ती काहीतरी लपवून ठेवी. रविवारी मुलीचे केस धुताना शिकेकाईच्या पाण्यात झेंडूचं फूल तरंगत असे. माझ्या सदऱ्याला निखाऱ्यांच्या लोट्याने इस्त्री करताना ती मुलीच्या बाहुलीच्या चिंधीलाही इस्त्री करी. यातलं बरंचसं मला नंतर कळलं, ती गेल्यावर, मुलीकडून.

सर्वांत मोठी गंमत बाजाराच्या दिवशी असे. आमच्याकडे भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली संध्याकाळी भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी झाली की घरची बाई झाकण लावलेला डबा वाजवते आणि आत काय खाऊ आहे ते मुलींनी आवाजावरून ओळखायचं असतं. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही. ही चाल महिन्याभराची. बायकोने ती वर्षभर चालू ठेवली होती. पुलगावच्या बाजारातून आली की पिशव्या ठेवायच्या आधी ती पितळी डबा घेऊन मागच्या खोलीत जाई. मग त्या दोघींचा गोंधळ सुरू व्हायचा. मी पुढच्या खोलीतून म्हणायचो, "जरा हळू." त्या खेळातला माझा वाटा एवढाच.

माघात तिला ताप आला. अठरा दिवस तो उतरलाच नाही.

तेरवीला सासूबाई आल्या होत्या. त्यांचं गाव दूर, जाम या गावाच्या पुढे चार कोसांवर. पाहुणे गेल्यावर त्या माझ्यासमोर बसल्या. मुलगी खांबाला पाठ लावून उभी होती. ती तेव्हा सात वर्षांची होती आणि तेरा दिवसांत तिने विचारल्याशिवाय एकही शब्द उच्चारला नव्हता.

"जवाईबापू," सासूबाई म्हणाल्या, "मी भांडाले नाई आली. पण लेकरू असं राह्यलं तं वाळून जाईन. माह्या घरी तिच्या तीन मामेबहिणी हायेत. पाठवून द्या."

"माझ्याजवळ राहू द्या," मी म्हणालो.

त्यांनी खांबाशी उभ्या मुलीकडे पाहिलं. "कोजागिरीपर्यंत पाहू. हासूनखेळून राह्यली तं तुमच्याजवळ. नाई तं मी येऊन घेऊन जाईन."

मुलगीही गेली असती तर त्या घरात मी कशासाठी राहिलो असतो, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून मला जे येत होतं तेच मी केलं. शाळेत प्रत्येक पाठाआधी आम्ही वहीत टाचण काढतो: उद्देश, साहित्य, कृती. मी नवी वही घेतली, रेघा आखल्या आणि आठवड्याचे सात वार लिहिले. प्रत्येक वारासमोर काम, आणि कामासमोर मुलीला विचारून विचारून गंमत. उद्देशाखाली लिहिलं, 'मुलीस आनंद वाटावा.' आज हे लिहितानाही हात अडखळतो. तेव्हा अडखळला नव्हता. उलट अक्षर चांगलं आलं म्हणून मला बरं वाटलं होतं.

शेजारच्या काकू भाकरी टाकून द्यायला येत. त्यांना ती वही चुलीजवळ दिसली. त्यांनी ती उलटी धरली, सुलटी धरली. "गुरुजी, घरी इन्स्पेक्टर येऊन राह्यला काय?"

पहिल्या रविवारी मी मुलीचे केस धुतले आणि पाण्यात झेंडू टाकला. फूल तिच्या केसांत अडकलं, पाकळ्या काढता काढता दुपार झाली. वेणीही मीच घातली. काकूंनी तिला ओट्यावरच थांबवलं. "हा भांग हाये का पांदण? याच्यातून तं बैलगाडी जाईन व माय." असं म्हणत त्यांनी वेणी सोडून पुन्हा घातली. मुलगी हसली नाही, पण काकूंच्या मांडीवर ती माझ्यापेक्षा सैल बसली होती.

शनिवारी सारवायला बाई लावली होती. ती गेल्यावर कोपऱ्यात मी बोट टेकवलं. मोर जमेना. मेंढी काढायची हिंमत झाली नाही. शेवटी हात ज्याला सरावलेला होता तेच उमटलं. मुलगी आली, वाकून पाहत राहिली.

"हे काय हाये?"

"वर्धा नदी. आणि हे आपलं पुलगाव."

ती सरळ उभी राहिली, दोन्ही हात बाजूला घेतले आणि वर्गात म्हणतात तसं म्हणाली, "जिल्ह्यातल्या तहसिली तीन. आर्वी, वर्धा, हिंगणघाट."

"शाबास," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

बाजाराच्या दिवशी मी पितळी डब्यात शेंगदाणे घातले आणि वाजवला.

"शेंगदाणे."

"बरोबर."

डबा उघडला. तिने चार दाणे खाल्ले, झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवून दिला. सगळा खेळ आटोपायला एक मिनिटही लागलं नाही. पुढच्या बाजाराला गुळाचा खडा. "गूळ." बरोबर. त्याच्या पुढच्या वेळी मुरमुरे, तेही बरोबर. मी पुस्तक घेऊन बसायचो, पण एकाच ओळीवर. रात्री ताट समोर यायचं आणि मी ते पुढे सारायचो. वहीत गमतीच्या रकान्यात तीन आठवडे नुसती रेघ होती.

शेवटी मी तिलाच विचारलं, "आईच्या वेळी तू इतक्या लवकर ओळखायचीस?"

"नाई. आई त्यात चिंचोके टाके. कधी गूळ फडक्यात बांधे." ती थांबली. "आई खोटं वाजवे."

खोटं वाजवायचं असतं हे मला कुठे माहीत होतं! त्या मागच्या खोलीत मी कधी गेलोच नव्हतो. पुढच्या बाजाराला मी बत्ताशांमध्ये मूठभर चिंचोके टाकले. मुलगी म्हणाली, "फुटाणे." चूक. "गोडंबी." चूक. "मंग सुपारी!" सुपारी ऐकून मला हसू आलं. तिच्या आजीच्या वयाच्या बायका खातात ती सुपारी. कितीतरी दिवसांनी हसलो होतो. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, मग तीही हसली. त्या रात्री मी भाकरी संपवली. वहीत लिहिलं, 'हसली.'

त्यानंतर उन्हाळाभर आणि पावसाळाभर तो खेळ रंगत गेला. चिंचोके असोत नसोत, ती चुकायची. मुरमुऱ्यांना ती "लोखंडाचे खिळे" म्हणायची, गुळाला "मांजरीचं पिल्लू." मी हसायचो. रकान्यात 'हसली' खाली 'हसली' येत गेलं. ती वही सासूबाईंना दाखवायची, असंही माझ्या मनात होतं.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सासूबाई आल्या. बाजार त्या दिवशी नव्हता, तरी आजीसमोर खेळू असं मी मुलीला सकाळीच सांगितलं होतं. संध्याकाळी मी डबा घेतला. आत फुटाणे, नुसते. मी वाजवला.

"रेवड्या!"

"चूक."

"हरभरे! नाई, नाई, आजीचे दात!"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "माहे दात अजून तोंडातच हायेत व, टवळे!" त्या हसल्या, मी हसलो, मुलगी माझ्या गुडघ्यावर हात मारत हसली. जेवणं झाल्यावर भांडी आवरताना सासूबाई मला म्हणाल्या, "राहू द्या जवाईबापू. खुशीत हाये पोरगी तुमच्याजवळ. माह्या जीवाले आता घोर नाई."

मी 'हो' एवढंच म्हणालो. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळची शाळा सुटल्यावर मी मागच्या बाजूने, विहिरीकडून आलो, कारण पुढची खोली ओली असणार. मुलगी माझ्या आधीच घरी पोचली होती आणि न्हाणीच्या भिंतीपलीकडे सासूबाई तिचे केस विंचरत होत्या.

"काऊन व, काल तुले फुटाणे वळखता नाई आले? एवढे खळखळ वाजत होते."

"समजलं होतं."

"मंग?"

"लवकर सांगतलं का बाबा 'बरोबर' म्हणतेत अन् पुस्तक घेऊन बसतेत. चुकलं का हासतेत. तीनदा चुकलं का मंग जेवतेत बी."

फणी थांबली असावी. "दर खेपेले असंच करतं तू?"

"हो. नवीन नवीन चुकीचं सुचवा लागते. काल शाळेत बसूनच ठरवलं होतं, दातांचं." मग तिचा आवाज खाली गेला. "तू सांगू नोको त्यायले."

मी विहिरीच्या कठड्याशीच थांबलो. माझ्या हातात मुलांच्या वह्या होत्या. सात वर्षांची मुलगी आठवडाभर विचार करून माझ्यासाठी टाचण काढत होती, आणि तिचा पाठ माझ्यापेक्षा चांगला वठला होता. मी 'हसली' लिहीत गेलो त्या प्रत्येक दिवशी तिने आधी माझं तोंड पाहिलं होतं.

मुलगी भुलाबाईसाठी काकूंकडे गेली तेव्हा मी सासूबाईंना म्हणालो, "तिला घेऊन जा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही ऐकलं."

"हो."

"लेकरू हाये. बोलून गेलं. मी तं राहू द्या म्हणली न काल?"

"तिथे तिला कुणाला जेवू घालायचं नसेल," मी म्हणालो.

त्या उठून मुलीचे परकर घडी करू लागल्या.

मुलगी परत आल्यावर मी तिला सांगितलं. मामेबहिणी आहेत, शाळाही तिथे आहे, दिवाळीत मी येईन. ती ऐकत होती. मी संपवल्यावर तिने विचारलं, "बाबा, माह्यं काय चुकलं?"

या प्रश्नाचं खरं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. ती मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला मुलं झाली, तरीही दिलं नाही. ते द्यायचं तर तिने भिंतीपलीकडे सांगितलेलं मी ऐकलं होतं हे कबूल करावं लागलं असतं, आणि मग पुढच्या भेटीत हसताना आम्ही दोघंही एकमेकांकडे पाहत राहिलो असतो. मी म्हणालो, "काही नाही चुकलं." ती मान हलवून आत गेली आणि बाहुली बांधू लागली.

सोमवारी मी त्या दोघींना पुलगावच्या स्टेशनवर सोडायला गेलो. वर्ध्यापर्यंत गाडी, तिथून मोटारीने जाम, पुढे बैलगाडी. पितळी डबा मी तिच्या गाठोड्याबरोबर दिला होता. गाडी लागली, खिडकीजवळ जागा मिळाली. डबा तिच्या मांडीवर होता. तिने तो उचलला आणि कानाजवळ एकदाच हलवला.

मी खाली फलाटावर उभा होतो. ती काय म्हणेल याची मी वाट पाहत होतो, आणि हसायचं नाही असं ठरवलं होतं. पण हसू येईल अशी वेळच आली नाही.

"रेवड्या," ती म्हणाली.

"बरोबर."

तिने झाकण उघडलं, एक रेवडी स्वतः घेतली आणि एक गजांतून माझ्या हातावर ठेवली. "आता खा," म्हणाली. मी ती तोंडात टाकली. गाडी हलली तेव्हा सासूबाई हात जोडत होत्या आणि मुलगी खिडकीतून मागे वळून पाहत होती. हाक मारायला मी तोंड उघडू गेलो, पण रेवडी दातांना घट्ट चिकटली होती. ती सुटेपर्यंत गाडीचा शेवटचा डबा निघून गेला होता.