मला मराठीत बोलायला सांगितलं तवा

"मॅडम, जरा मराठीत बोला."

अध्यक्ष असं म्हणले आन् सगळं सभागृह हसलं.

मी उभी व्हते. झेडपीची सभा. वर पंखे, म्होरं माईक, पायाखाली गालिचा. निवडून आल्यापासनं मी पयल्यांदाच बोलायला उठले व्हते. येवढंच म्हणले व्हते, "आमच्याकडं मेंढरांत रोग आलाय. डाक्टर यीत न्हाई. कवा यील त्ये सांगा."

ह्यातलं कुठलं मराठी न्हवतं, मला आजवर कळलं न्हाई.

मागच्या रांगेतनं कुणीतरी "बॅऽऽ" केलं. मेंढरागत. मग आणखी हसू. माझ्या शेजारची मेंबरबाईबी तोंडाला पदर लावून हसली. आमचे आप्पा, शेजारच्या गटाचे मेंबर, म्होरच्या रांगेत व्हते. माझे नेते, त्येंनीच मला तिकीट दिलेलं. त्ये तरी काय बोलतील म्हणून मी त्येंच्याकडं बघितलं. आप्पा मागं वळले. त्येबी हसत व्हते.

मी खाली बसले. कान तापले व्हते. म्होरचे ठराव काय झाले मला ऐकू आले न्हाईत.

मी मेंढपाळाची लेक. शिरूरच्या वरच्या अंगाला एका माळावर तळ पडला व्हता, तितं माझा जन्म. दुसऱ्या दिवशी तळ उठला, आई मला घिऊन घोड्यामागं चालली. शाळा चौथीपतुर झाली, तीबी तुकड्यातुकड्यानं, जितं बा थांबंल तितं. लगीन झालं दौंडच्या भागात, राहू गावाच्या अलीकडं. सासरची माणसं बसती झालेली. थोडी जमीन, थोडा ऊस. थोरल्या दिराकडं मातर आजून कळप व्हता. त्येंची बायको, माझी थोरली जाऊ, तिला मी आक्का म्हणते. कळप खरा तिचाच.

आप्पांचं घर आमच्या भागातलं मोठं. दूध सोसायटी त्येंची, विकास सोसायटी त्येंची, कारखान्यावर कुणाला लावायचं त्येबी त्येच ठरवणार. आमच्या मालकांना त्ये "बाळ्या" म्हणायचे. मालकांच्या डोक्यातले केस पिकले तरी बाळ्याच.

बायकांना राखीव जागा तवा नव्यानंच आल्या व्हत्या. आमचा गट बायकांना गेला, त्यातबी मागासांच्या. आप्पांच्या घरातल्या कुणालाच हितनं उभं ऱ्हाता येईना. एक दिवस दारात जीप थांबली. बाहेरनं हाक आली, "बाळासाहेब हायेत का घरी?"

मी चुलीपाशी व्हते. आमच्या घरात बाळासाहेब कोण, मला उमगंना.

बाहेर बोलणं झालं. मी आतनं चहा पाठवला. जाताना आप्पा मालकांना म्हणले, "वहिनींचा एक फोटो लागंल. डोक्यावर पदर नीट घ्यायला सांग." जीप गेली. मग मालक आत आले आन् म्हणले, "तुला उभी करत्यात."

तुला इच्छा हाय का, कुणी इचारलं न्हाई. आप्पांनी न्हाई, मालकांनीबी न्हाई.

निवडून आले. गुलाल उधळला. हार आप्पांच्या गळ्यात पडला, तितनं मालकांच्या गळ्यात. माझ्यापतुर आला तवा फुलं गळून निम्मा दोरा राहिला व्हता. आप्पांनी सभेचा रिवाज एकदाच सांगितला. "मी हात वर केला की वहिनी तुमी करायचा. बाकी डोक्याला ताप घ्यायचा न्हाई."

तसं चाललं व्हतं. मग आक्काच्या कळपात रोग घुसला.

मेंढरांची नाकं वाहायची. तोंडात फोड यायचे. हगवण लागायची आन् मेंढरू बसायचं, त्ये उठायचं न्हाई. आक्का एक कोकरू पदरात घिऊन आली. अंगणात ठेवलं. म्हणली, "तू मेंबर हायेस न्हवं? मग डाक्टर आण."

येवढं म्हणून ती कळपाकडं वळली.

मी मालकांना घिऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर काहीतरी लिहीत व्हते. मालक म्हणले, "ह्या झेडपी मेंबर हायेत." डॉक्टर उठले, खुर्ची ओढली, रुमालानं पुसली. मालकांना म्हणाले, "बसा साहेब."

मी उभीच.

डॉक्टर मालकांकडं बघूनच बोलत राहिले. "सध्या संकरित गाईंचं लसीकरण चालू आहे. मेंढ्यांचं काय, त्या एका जागी सापडत नाहीत." मी म्हणले, "सापडत्यात. मी दाखवते." त्येंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मग आप्पांकडं गेले. आप्पा झोपाळ्यावर व्हते. म्हणले, "वहिनी, दूध घालणाऱ्याची गाय मेली तर तालुक्यात बोंब व्हती. मेंढरं काय, मरत्यातच. पुढच्या वर्षी नवी व्हत्यात."

त्या दिवशी मी ठरवलं, सभेत उठायचं. उठले. म्होरचं सांगितलंच.

परतीला आप्पांची जीप. आप्पा म्होरं, मालक मधल्या शिटावर कार्यकर्त्यांच्यात, मी मागच्या बाकड्यावर एकली. पुण्यातनं निघून लोणी गाव मागं पडलं. मग एकानं हळूच "बॅऽऽ" केलं आन् म्होरची सगळी फिदीफिदी हसली. मालकांची पाठ मला दिसत व्हती. ती पाठ हालली न्हाई. हसले न्हाईत. पण बोललेबी न्हाईत.

यवतला ढाब्यावर जीप थांबली. माणसं उतरून जेवायला बसली. मला जीपमधेच ताट पाठवलं. पोऱ्या म्हणला, "आप्पा म्हणलं, वहिनींना हितंच द्या." मी त्ये ताट मांडीवर धरून बसले. बाहेर सतरंजी टाकलेली खाट व्हती, तिच्यावर आप्पा, शेजारी आमचे मालक. ह्या भागाची मेंबर मी. आन् मी जीपमधी बसून जेवायचं, कुत्र्याला गाडीखाली तुकडा टाकत्यात तसं.

जेवून आप्पा आले. दात कोरत म्हणले, "शोभा झाली आज. ह्याच्यासाठी तिकीट दिलं व्हतं का? ह्यापुढं त्वांड उघडायचं न्हाई. बाळ्या, समजावून सांग हिला."

परत बाळ्या. वहिनींची झाली "ही".

मी खाली उतरले. ताट बॉनेटवर ठेवलं.

"कुठं निघाली?" आप्पा म्हणले.

"वडापनं जाते."

"आगं बस गप. लोक बघत्यात."

"बघू द्यात. आप्पा, ह्या जीपमधी मी परत बसणार न्हाई. आन् म्होरच्या सभेत मी परत उठणार."

मालक मधल्या शिटावर जाऊन बसले व्हते. मी त्येंच्याकडं बघितलं. त्येंनी खाली बघितलं. जीप निघून गेली, मालक तिच्यातच.

वडापची गाडी शिटांनी भरस्तोवर मी यवतच्या चौकात उभी व्हते. रडू यील वाटलं व्हतं. आलं न्हाई. डोक्यात येकच चाललं व्हतं. माझी आई ह्याच बोलीत बोलायची. बा ह्याच बोलीत मेंढरं वळवायचा. मतं मागायला आप्पा आमच्या वाडीवर आले तवा त्येबी ह्याच बोलीत बोलले. "हाय", "न्हाई", "व्हय", सगळं. आन् तिकडं सभागृहात बसलं की ह्यांना ती मराठी वाटत न्हाई.

मालक घरी आल्यावर म्हणले, "आपल्याला त्येंच्याच गावात ऱ्हायचंय." मी म्हणले, "ऱ्हाऊ की. पण तुमी माझ्या जागी बोलू नका आन् माझ्या जागी गपबी बसू नका." त्ये रात्री जेवले न्हाईत. मी जेवले.

म्होरच्या सभेला मी यष्टीनं गेले. आक्काला संगं नेलं, ती बाहेरच्या व्हरांड्यात बसली. माझी पाळी आली तवा उठले. तीच बोली. एक शब्द बदलला न्हाई. "मेंढरं मराया लागल्यात. डाक्टर यीत न्हाई. कवा यील?"

हसू आलं. पण आधीपेक्षा कमी.

अध्यक्ष म्हणाले, "लेखी द्या, उत्तर मिळेल. बसा."

"उत्तर आल्याबिगर बसणार न्हाई."

"मॅडम, सभेला काही नियम असतात."

"आसत्याल. मी उभी हाय, कुणाला आडवी आलेली न्हाई."

दुसरा विषय निघाला. मी उभी. तिसरा निघाला. मी उभी. आप्पा मागं वळून डोळे वटारत व्हते. शेजारच्या मेंबरबाईनं माझा पदर ओढला. मी तिचा हात बाजूला केला. शेवटी एक अधिकारी वैतागून म्हणाले, "या आठवड्यात पथक पाठवतो. आता तरी बसा."

तवा बसले.

पथक आलं. मला वाटलं, जिंकलं. पण गाडी थांबली आप्पांच्या दारात. तितं आप्पांच्या चार शेळ्यांना सुई मारताना फोटो काढला. पेपरात आला, वर छापलेलं, "आप्पांच्या प्रयत्नांना यश." मग उरलीसुरली लस घिऊन डॉक्टर तळावर आले. पुरली न्हाई. आक्काचा निम्मा कळप तवर गेला व्हता. लस टोचताना ती मेंढरं धरत व्हती. माझ्याकडं बघून म्हणली, "उशीर झाला." रागानं न्हाई. नुसतं म्हणली. त्ये मला जास्त लागलं.

उरलेल्या सालांत मी परत्येक सभेत उठले. मेंढरांसाठी, तळावरच्या पोरांच्या शाळेसाठी, बाळंतपणाला वाडीवर न येणाऱ्या नर्सबाईसाठी. निम्म्या येळा माईक बंद केला. बिगर माईकचं बोलले. माळावर हाका मारून वाढलेला गळा हाय, पुरतो. कामं झाली थोडीच. जास्ती ऱ्हायलीच.

मुदत सपली. गट सर्वसाधारण बायकांचा झाला. तिकीट आप्पांच्या सुनंला. आप्पांनी निरोप धाडला, वहिनींना प्रचाराला पाठवा, वाड्या त्येंच्या ऐकण्यातल्या हायेत. मी सोता गेले त्येंच्या घरी.

म्हणले, "मी उभी ऱ्हाणार हाय. अपक्ष."

आप्पा हसले. "पडशील."

"पडंन."

पडले. चांगलीच पडले. आमच्या वाड्यांवरचीबी मतं फुटली. मालकांनी मातर ह्या टायमाला माझ्या बरुबर दारोदार फिरून हात जोडले. येवढं झालं.

निकालानंतरच्या पावसाळ्यात रोग परत आला. मी आन् आक्का सकाळीच जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर नवे व्हते, पण कुणीतरी त्येंना माझ्याबद्दल सांगितलेलं असणार. मला बघितल्या बघितल्या म्हणाले, "बाई, आता तुम्ही सदस्य नाही."

"म्हाईत हाय," मी म्हणले.

"मग कशाला आलात?"

"मेंढरं मराया लागल्यात. डाक्टर यीत न्हाई. म्हणून."

"आज गाडी रिकामी नाही. नंतर या."

मी दारातल्या बाकड्यावर बसले. आक्का शेजारी बसली. डॉक्टरांना सांगितलं, "तुमची गाडी ह्याच दारातनं निघंल. निघंल तवा आमी तिच्यात बसणार. आज न्हाई निघाली तर उद्या बसू. मेंबर कुणीबी असू द्या."