सुदामभाऊंनी उलटी बसवलेली दांडी

घाबरलेल्या माणसाचा हात कुठे जातो, हे तुम्ही कधी पाहिलं आहे का? डोकं काय सांगतं ते मी विचारत नाही. हात कुठे जातो?

हा प्रश्न सुदामभाऊंचा. ते गेले त्याला आता पाच आठवडे होतील. पांढुर्ण्याच्या स्टँडवर मी सौसरच्या गाडीची वाट पाहत उभी होते. गाडी थांबायच्या आधीच कंडक्टर दारातून ओरडला, "मॅडम, तुमचे सुदामभाऊ गेले ना सकाळी!" मी गाडीत चढले, आणि लाज वाटते लिहायला, पण पहिला विचार त्यांचा आलाच नाही. विचार आला तो आमच्या पत्रकाचा. ते पत्रक अजून कुणाकुणाच्या घरात पडलं असेल, आणि कुणी त्यावर भरवसा ठेवून दांडी बसवत असेल... त्या भीतीनेच हा लेख लिहिते आहे.

सुदामभाऊ हवाई दलात इंजिनांचे फिटर होते. विमानं त्यांनी खूप दुरुस्त केली, पण चालवलं एकही नाही. निवृत्त होऊन ते सौसरला आले आणि बोरगावच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करू लागले. त्याच टिनाच्या शेडमध्ये, मागच्या बाजूला, त्यांनी एकच माणूस बसेल असं विमान बांधायला घेतलं. सांगाडा नळ्यांचा, पंखांवर कापड, इंजिन एका भंगारातल्या मोटारगाडीचं. लोक हसायचे. "सुदाम, संत्रं नागपूरले उडवत नेतं का आता?" ते म्हणायचे, "संत्रं कायले, तुलेच नेतो. वजन तेवढंच भरते."

मी त्यांच्याकडे जाऊ लागले ती माझ्या बाबांमुळे. बाबांकडे सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. मजुरीची पत्रकं, विहिरीच्या पाण्याची पत्रकं, सभेची, मोर्चाची. अक्षरं मी त्यांवरच शिकले. त्यामुळे आमच्या वस्तीतला माणूस विमान बांधतो आहे हे ऐकलं तेव्हा मला ती लढाईच वाटली. सुदामभाऊंना मात्र ते फक्त विमान वाटत होतं.

शेडमध्ये गेले तर सांगाड्यापुढे विमान सरकलंच नव्हतं. संत्र्याच्या पेट्या एकावर एक रचून त्यांनी नुसतं कॉकपिट उभं केलं होतं. मधे स्टूल. डाव्या हाताशी इंजिनाचा वेग कमीजास्त करायची दांडी, तिच्याशेजारी पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जुळवायची मूठ, खाली पेट्रोलची तोटी, समोर इंजिन बंद करायचं बटण. प्रत्येक मूठ त्यांनी वेगळी घडवली होती. वेगाची गुळगुळीत गोल, बाभळीच्या लाकडाची, मिश्रणाची खाचांची, तोटीची चपटी. न पाहता ओळखू यावी म्हणून. येईल त्याला ते स्टुलावर बसवायचे, डोळ्यांवर गमछा बांधायचे, अचानक टिनावर हातोडा हाणायचे आणि ओरडायचे, "वेग कमी कर!" मग हात कुठे गेला ते पेटीवर खडूने लिहून ठेवायचे. शेडमध्ये शिरायची लोकांना धास्ती बसली होती.

नामदेव ट्रॅक्टर चालवायचा. त्याने दांडी जोरात पुढे ढकलली. विमानात दांडी पुढे म्हणजे वेग जास्त.

"काऊन बे, कमी कर म्हनलं तं वाढवलं कायले?"

"मी तं कमीच केलं भाऊ. आमच्या ट्रॅक्टरवर पुढं केलं का कमी होते, वढलं का वाढते."

"मंग तू आता उडून राहिला, नामदेव. आमचा शेवटचा जयभीम घे."

सगळे हसले. नंतर जो जो ट्रॅक्टरवाला बसला त्याने त्याने तेच केलं. शेवटी मी म्हटलं, "भाऊ, आता तुम्ही बसा." मी गमछा बांधला, हातोडा हाणला. त्यांचाही हात पुढे गेला. इतकी वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त करून हवाई दलाचा हात बदलून गेला होता. गमछा काढल्यावर त्यांनी खडू घेतला आणि पेटीवर स्वतःचंही नाव लिहिलं... त्या विमानात बसायचं तर त्यांनाच होतं.

ते म्हणाले, "हात पुन्हा शिकवा लागन." मी पेटले. दांडी पुढे म्हणजे जास्त, हे ठरवलं कुणी? ठरवताना आपला एक तरी माणूस तिथे होता का? प्रत्येक वेळी आपणच का बदलायचं? यंत्राने आमच्या हाताला यावं! त्यांनी मान हलवली. "पोरी, तुही गोष्ट बरोबर हाय. पण इमानाच्या फिरत्या पंख्यापुढं उभं कोन राहीन?" मी आठ दिवस त्यांच्या मागे लागले. अखेर त्यांनी दांडी उलटी बसवली. मी त्याच आठवड्यात आकृतीसह पत्रक काढलं, 'आपल्या हाताचं विमान', आणि विमानाच्या छंदापायी त्यांना पत्रं लिहिणाऱ्या सगळ्यांना पाठवलं. लोधीखेड्याच्या मेळाव्यातही वाटलं. किती वाटली, ते मी मोजलं नाही.

कापूस निघाल्यावर पांढुर्ण्याजवळच्या एका रिकाम्या वावरात विमान नेलं. उडवायची परवानगी नव्हती, नुसतं जमिनीवर चालवून पाहायचं होतं. सुदामभाऊंनी विमान कधी चालवलेलं नव्हतं, म्हणून पहिल्या खेपेला ओळखीतून नागपूरचे एक निवृत्त वैमानिक आले. दांडी उलटी आहे हे सुदामभाऊंनी त्यांना तीनदा सांगितलं. ते हसून म्हणाले, "ध्यानात ठेवतो." विमान निघालं, वेग धरला, आणि बांधावरून शेवंताबाई गवताचा भारा घेऊन समोर आल्या. साहेबांनी दांडी मागे ओढली. जन्मभराची सवय. इंजिन गरजलं आणि विमान सरळ बाईंवर गेलं. साहेबांनी इंजिनाचं बटण दाबलं, वळवायच्या पट्टीवर पाय मारला, विमान वळून तुराट्यांच्या ढिगात घुसलं. पंखा मोडला. शेवंताबाई भाऱ्यासकट खाली बसल्या होत्या. "माह्याकडंच येऊन राहिलं होतं ना बाप्पा," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

साहेब उतरले ते पांढरेफटक. रागावले नाहीत. म्हणाले, "माझा हात चुकला नाही, तुमचाही चुकला नसता. पण दोन तऱ्हेच्या दांड्या झाल्या की कुणीतरी मरणार."

मी आजही म्हणते, नियम करणाऱ्यांनी आमचे हात पाहिले नाहीत. पण दांडी म्हणजे अनोळखी माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द असतो. तो मी एकटीने फिरवला, आणि किंमत शेवंताबाई देणार होत्या. लढायचं होतं ते आमच्या लोकांना हात शिकवायला सवड मिळावी म्हणून. मी लढले दांडीशी.

सुदामभाऊंनी दुसऱ्याच दिवशी दांडी सरळ केली. मग रोज सकाळी चहाआधी ते पेट्यांमध्ये बसायचे. पुढे, जास्त. मागे, कमी. त्यांच्या पत्नी कौसल्याकाकू म्हणायच्या, "हे काय ध्यान करून राहिले तुम्ही?" "हात धुवून राहिलो," ते म्हणायचे. दुपारी पत्रक मिळालेल्या एकेकाला पोस्टकार्ड लिहायचे, दांडी सरळ करा म्हणून. काहींची उत्तरं आली. मग छातीचं दुखणं वाढलं. शेवटचं भेटले तेव्हा ते खाटेवर होते, बोलताना धाप लागत होती. मला वाटलं विमानाबद्दल बोलतील. त्यांनी विचारलं, "लोधीखेड्याच्या मेळाव्यात जे वाटले, त्याईची नावं हायेत का तुह्याजवळ?"

नव्हती.

परवा काकूंनी शेड उघडली. पेट्या तशाच आहेत. मी स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि काकूंना टिनावर काहीतरी आपटून 'वेग कमी कर' असं ओरडायला सांगितलं. त्यांनी तवा आपटला आणि ओरडल्या. माझा हात मागे गेला. बरोबर गेला... पण मी ट्रॅक्टर कधी चालवलेलाच नाही, मोडायला माझ्या हाताला सवयच नव्हती.

म्हणून ही विनंती. 'आपल्या हाताचं विमान' हे निळ्या शाईतलं पत्रक तुमच्या घरात, वाचनालयात, कुणा पुतण्याच्या वहीत असेल, तर आजच काढा. दांडीची आकृती असलेलं पान फाडून टाका. कुणी त्यावरून काही बांधत असेल तर आधी त्याच्याकडे जा, पत्र नंतर लिहा. आणि मग या पुरवणीच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका. नाव नसलं तरी चालेल. 'दांडी सरळ केली' एवढंच लिहा.