कट्ट वाजणाऱ्या आठळ्या

सिल्वासाच्या सरकारी रोपवाटिकेत आमचे हे स्टोअरकीपर होते, आणि ओल्या वस्तूंशी त्यांचं हाडवैर होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ह्यांच्या ताब्यातल्या पोतंभर बियांना बुरशी आली आणि साहेबांनी लेखी जाब विचारला. तेव्हापासून ह्यांनी जे वाळवायला घेतलं, ते आमच्या अंथरुणापर्यंत आलं.

डोकमर्डीच्या आमच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये उन्हाळाभर पंखा माणसांसाठी नसायचा. त्याच्याखाली वर्तमानपत्रांवर चिकूच्या आणि चिंचेच्या बिया पहुडलेल्या असत आणि आम्ही भिंतीला टेकून घाम पुसत बसायचो. बी वाळली की नाही हे ठरवायची ह्यांची एकच रीत. दाढेखाली धरून चावायची. कट्ट वाजली तर पास, नाही वाजली तर परत पंख्याखाली. चिंचोक्यांनी ह्यांच्या दाढा खिळखिळ्या केल्यावर माझ्या दाढा कामाला लागल्या, मग पाहुण्यांच्या. शेजारीण धुळ्याची, तिचा नवरा मसाटला कारखान्यात. ती साखर मागायला आली तरी तिच्या हातावर आधी बी पडायची. एकदा तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, तुमना घरमा पहिले बी चावनी पडस, मंग चहा भेटस का?" मी काय सांगणार? मीच रोज शाळेत शिकवायला जाण्याआधी तीन बिया चावून जात होते.

वाळलेली बी राखेत घालून पत्र्याच्या डब्यात, डब्याला चिठ्ठी, डबा ऑफिसच्या कपाटात. आणि खरं सांगायचं तर पावसाळ्यात ती उगवायचीही. त्यामुळे ह्यांना बोलायची सोय नव्हती.

अशाच एका मे महिन्यात माझा भाऊ कोकणातून आला, खांद्यावर फणस घेऊन. आमच्या परसातला, आईने लावलेल्या झाडाचा. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. भावाने घर वाढवायला काढलं होतं, झाड मधे येत होतं, म्हणून ते त्याने पाडलं होतं. "हा शेवटचा," असं म्हणून त्याने चहा मागितला. मी बिनसाखरेचा दिला, मुद्दाम. ह्यांनी त्याला चावायला बी दिली.

फणसातून चाळीस आठळ्या निघाल्या. मला त्यातून आईचं एक झाड हवं होतं, बाकी काही नको होतं.

"अहो, आई गरा खाल्ला की आठळी तिथल्या तिथे मातीत खुपसायची. आजच लावू या."

"अगं, एवढ्या उन्हात? तुझ्या आईची वस्तू आहे. मी नीट सांभाळतो," हे म्हणाले. आवाज इतका हळवा होता की मी आठळ्यांचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. तिथेच चुकले.

ह्यांनी टपोऱ्या बत्तीस आठळ्या निवडल्या आणि लहानखुऱ्या आठ स्वयंपाकाला दिल्या. त्या मी आईच्या रीतीने माठाखालच्या ओल्या वाळूत पुरल्या, लागतील तशा काढायला.

महिनाभर त्या बत्तीस जणींची बडदास्त चालली होती. हे जेवता जेवता उठून त्यांची कूस बदलायचे. शेवटी एक आठळी माझ्या दाढेखाली कट्ट वाजली आणि ह्यांनी मला शाबासकी दिली. डब्याच्या चिठ्ठीवर ह्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कै. सासूबाई'.

पावसाळ्यात त्या रोपवाटिकेत मातीच्या पिशव्यांत पेरल्या. एकही उगवली नाही. ह्यांनी एक पिशवी उकरून आठळी रोपवाटिकेतल्या जुन्या माळ्यापुढे धरली.

"फणसाची बी सुकली का मेली," तो म्हणाला. "आंब्याची, जांभळाचीबी तशीच."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तुमी इचारला नाय. चावाला दिली, मी चावली."

हे घरी येऊन मला हे सांगत होते, मान खाली घालून, आणि माझ्या डोळ्यांपुढे वालाचं बिरडं आलं. मरणाऱ्या आठळ्यांना आम्ही महिनाभर पंख्याचा वारा घातला होता, आणि ज्या जगणार होत्या त्या बिरड्यात घालून खाल्ल्या होत्या, वर पुन्हा मागून घेऊन. मी मोजलं. चार एकदा, तीन एकदा. तशीच स्वयंपाकघरात गेले, माठ उचलला. वाळूत एक आठळी होती. तिला बोटभर पिवळट कोंब फुटला होता, माठाच्या बुडाला लागून वाकडा झालेला. मी तिथेच खाली बसून रडले. आई गेली तेव्हाही इतकी रडले नव्हते.

झाड क्वार्टरच्या मागच्या अंगणात लागलं. हे त्याच्याजवळ फिरकत नसत, लांबूनच विचारायचे, "ओल आहे ना?"

नऊ वर्षांनी त्याला पहिला फणस धरला. ह्यांच्या तोंडात तोवर कवळी आली होती. पिकलेला फणस मी फोडला, आणि ह्यांनी पहिली आठळी काढून, सवयीने, माझ्यापुढे धरली.

"चाव."

मी चावली. बुळबुळीत, कच्चट, चिकाची. आवाज आला नाही.

"वाजत नाही," मी म्हटलं.

हे चिकाने माखलेल्या हातांनी आठळ्या गोळा करत घाईने उठले. म्हणाले, "मग चल लवकर. जिवंत आहेत."