पेशंटसमोर वाचला

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून बंद पाकिटाचा इतका तिटकारा असलेला दुसरा डॉक्टर सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. मिरजेजवळच्या एका कारखान्याच्या आरोग्य विभागात मी पत्रव्यवहार बघते. कामगाराची तपासणी निघाली, की त्याच्या घरच्या डॉक्टरांना आमचं पत्र जातं: जुना आजार कोणता, औषधं कोणती, हे काम त्याला झेपेल का. सोबत भरायचा फॉर्म, कामगाराच्या संमतीची सही आणि उत्तरासाठी 'गोपनीय' असा शिक्का मारलेलं पाकीट. बाकीचे डॉक्टर आठवड्याभरात 'कामास योग्य' एवढे दोन शब्द लिहून मोकळे होतात. विट्याच्या पुढच्या एका गावातले हे डॉक्टर मात्र तीन-तीन स्मरणपत्रं ढेकर न देता पचवायचे, आणि मग कुणातरी कामगाराच्या हाती चार पानी मजकूर यायचा, उघडाच, टाचणी लावलेला. सहीखाली ठरलेली ओळ: 'पेशंटसमोर वाचला.'

त्यांचा नियमच होता तो. पेशंटला बोलवायचं, समोर बसवायचं, लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि त्याची हरकत असेल तर तीही लिहायची. त्यामुळे आमच्या फायलीत 'पेशंटचं म्हणणं: दारू सोडली आहे. पेशंटच्या बायकोचं म्हणणं: नाही' असले मजकूर निघायचे. मी फोनवर कुरकुर केली, की सही आहे ना त्याची, मग अडलंय कुठं? तर ते म्हणायचे, "आवं ताई, सही हाय, पन कशावर केलीया ते त्याला कुठं ठावं हाय?" रक्तदाबाचंही तसंच. पेशंट आल्या आल्या ते पट्टा बांधत नसत. आधी चहा, मग शेताच्या आणि सोयरिकीच्या गप्पा. "आत्ता बघितलं तर त्याचं न्हाई, एष्टीचं बीपी निघंल," म्हणायचे. सोनं गाळायच्या धंद्यासाठी लांब दक्षिणेत गेलेली गावची माणसं त्यांना व्हिडिओ कॉलवर जीभ काढून दाखवत, त्यांच्याशीही जिभेआधी अर्धा तास गप्पा. इकडे माझ्या टेबलावर ढीग साचायचा आणि साहेबांची बोलणी मी खायची. खरं सांगते, मला त्यांचा भारी राग यायचा.

तो राग ज्या दिवशी गेला, तो दिवस मला नीट आठवतो. आमचा एक क्रेनचालक त्यांच्याच गावचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. घरात पगाराची नोकरी लागलेला तो पहिलाच. एकदा कारखान्याच्या आवारात तो भोवळ येऊन पडला आणि डॉक्टरांकडे आमचं पत्र गेलं. महिना झाला तरी उत्तर नाही, म्हणून शेवटी मीच एसटीनं गेले. तो रजा टाकून आधीच येऊन बसला होता. डॉक्टर वाचू लागले, "दोन वर्षांत तीनदा आकडी आली. गोळ्या चालू आहेत, पण मधेच सोडतो."

"डॉक्टर, तेवढी ओळ गाळा की," तो हात जोडून म्हणाला. "क्रेन गेली तर मी घरी काय सांगू?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "गाळतो. पन मग क्रेनखाली कोन कोन हुबं असतंय त्यांची नावं दे. त्यांस्नी मी जाऊन सांगतो."

त्यानं जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाला, "लिवा."

डॉक्टरांनी लिहिलं, आणि खाली आणखी अर्धं पान भरलं: जमिनीवरचं कोणतंही काम हा चोख करील, दीडशे मेंढरांत एक कमी असलं तरी याला लांबून कळायचं, याला स्टोअरमध्ये घ्या. नंतर तो स्टोअरला लागेपर्यंत त्यांनी साहेबांना रोज सकाळी फोन करून हैराण केलं. आज आमच्या स्टोअरमध्ये एक बोल्ट इकडचा तिकडे होत नाही.

या उन्हाळ्यात त्यांचाच मला फोन आला. "ताई, तुमच्या तपासणीचा एक कोरा फॉर्म घिऊन या. आन् तुमच्या स्टोअरवाल्यालाबी आना." आम्ही दोघं गेलो. चहा झाला, गप्पा झाल्या, मग त्यांनी फॉर्म भरला आणि वाचायला घेतला. नावाच्या जागी त्यांचं स्वतःचं नाव होतं. "उजवा हात थरथरतो. गेल्या महिन्यात सुई दोनदा चुकली." इथे ते थांबले, स्टोअरवाल्याकडे बघून हसले. "ही ओळ गाळू का रं?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, लपवायचं कशाला? "न्हाई डॉक्टर, ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पन खाली लिवा, बसून करायचं समदं काम झेपतंय."

त्यांनी तेही लिहिलं.

दवाखाना आता बंद आहे. ते बाहेरच्या बाकावर बसलेले असतात. मिरजेच्या मोठ्या इस्पितळांतून बंद पाकिटं आली, की गावातली माणसं ती आधी त्यांच्याकडे आणतात. डॉक्टर थरथरत्या हातानं पाकीट फोडतात आणि त्यातली प्रत्येक ओळ त्या माणसांना समजेल अशी वाचून दाखवतात. त्यांचा तो फॉर्म आमच्या कुठल्याच फायलीत बसत नाही, तरी माझ्या खणात आहे. पाकिटात घालायला मात्र माझा हात अजून धजत नाही.